'शिका' या आदेशाला वयाची अट नव्हती



मागच्या जूनमध्ये आमच्या वस्तीतल्या विहारात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आम्ही घेतला. दरवर्षी घेतो. वर्गणी गोळा होते, प्रमाणपत्रे छापली जातात, प्रमुख पाहुणे येतात, 'शिका' या शब्दापासून भाषण सुरू होते आणि त्याच शब्दावर संपते. त्या दिवशी दहावीत चांगले गुण मिळवलेल्या एका मुलीचे नाव पुकारले. रिवाजाप्रमाणे सूत्रसंचालकाने तिच्या आई-वडिलांनाही मंचावर बोलावले. आई एकटीच आली. अंगावर कॉलेजचा गणवेश होता, कारण तिथूनच तिला ड्युटीवर जायचे होते. आम्ही तिच्या हातात फूल दिले, तिला 'आदर्श माता' म्हटले, टाळ्या वाजवल्या. ती लगबगीने निघून गेली.

कार्यक्रम संपला आणि सतरंज्या गुंडाळताना अभ्यासिकेतल्या एका पोराने विचारले, "दादा, काकू पण शिकतात ना? जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहेत त्या. त्यांचा सत्कार का नाही केला?"

आमच्यापैकी एकाकडेही उत्तर नव्हते. ती शिकते हे आम्हाला ठाऊक होते. तिच्या प्रवेशाच्या कागदांवर आमच्यातल्याच दोघांनी धावपळ केली होती. तरीही 'विद्यार्थी' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे ती आली नाही. आमच्या मनातला विद्यार्थी सोळा ते बावीस वर्षांचा असतो, बहुतेक वेळा मुलगा असतो आणि त्याला घरात ताट वाढून मिळत असते. चौतिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना, परीक्षेचा फॉर्म भरणारी बाई आमच्या व्याख्येत बसत नव्हती. हा लेख म्हणजे आमच्या त्या चुकीची कबुली आहे, आणि त्या चुकीतून जो वाद आमच्यात सुरू झाला तो तुमच्यापुढे ठेवण्याचा प्रयत्न आहे.

या ताईंची हकिकत आपल्या वस्त्यांना नवी नाही. दहावी झाली, सतराव्या वर्षी लग्न लागले, अठराव्या वर्षी पदरात मुलगी. नवरा मालवाहू टेम्पोवर. घर भागेना म्हणून एका छोट्या खासगी हॉस्पिटलात आया म्हणून लागल्या. तिथे त्यांना सगळे 'मावशी' म्हणायचे. बेडपॅन देणे, चादरी बदलणे, रुग्णाला कुशीवर वळवणे हे काम ठरलेले. पुढे हाताला गुण आहे हे बघून सलाइन बदलणे, बीपी बघणे, रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणे हेही त्यांच्याकडेच आले. काम परिचारिकेचे, पगार आयाचा. आणि काही चुकले की "तू कोण? तुझं शिक्षण काय?" हा प्रश्न तयार. आठ वर्षे हे सोसल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली आणि तेहतिसाव्या वर्षी जीएनएमला प्रवेश घेतला.

जीएनएमची प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ आहे. आणखी तीन वर्षे गेली असती तर दार कायमचे बंद झाले असते. आपल्या वस्तीतल्या बाईच्या आयुष्याचा हिशोब या नियमाशेजारी मांडून बघा. सतरा-अठराव्या वर्षी लग्न, पंचविशीपर्यंत बाळंतपणे, तिशीपर्यंत लहान पोरे. धाकटे पोर शाळेत रुळते आणि बाईला श्वास घ्यायला जागा मिळते, तेव्हा ती तिशी ओलांडून गेलेली असते. नियमात जातीचे नाव कुठेही नाही. पण ज्या घरांत पोरींची लग्ने लवकर होतात आणि बारावीआधी शिक्षण तुटते, तिथेच हा नियम सर्वांत आधी चावतो.

आता नर्सिंगच का, हा प्रश्न घेऊ. आमच्या बैठकीत एका तरुण मित्राने कडक आक्षेप घेतला. तो म्हणाला, "पिढ्यानपिढ्या घाण उपसायचं काम आपल्या बायकांच्या माथी मारलं. आता शिकूनही परत रुग्णाची घाणच काढायची का? आपल्या पोरींनी डॉक्टर व्हावं, कलेक्टर व्हावं." आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

अनेक गावांत बाळंतपण करणे, नाळ कापणे, वार पुरणे ही कामे मांग-महारांच्या बायकांकडे असत. ज्या हातांनी बाळ जगात आणले, त्याच हातांचा विटाळ बाराव्या दिवशी मानला जाई. ज्ञान होते, कौशल्य होते, पण त्याला ना दाम होता ना मान. पुढे इंग्रजी अमदानीत इस्पितळे आली, परिचारिकेचे प्रशिक्षण आले. परक्याच्या शरीराला हात लावायचा, रक्त-मलमूत्र हाताळायचे, रात्री घराबाहेर राहायचे, म्हणून सवर्ण घरांनी आपल्या मुली तिकडे पाठवल्या नाहीत. सुरुवातीची कित्येक दशके हे काम मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांनी उचलले. नंतर त्याच कामाला परिषदेची नोंदणी मिळाली, सरकारी वेतनश्रेणी मिळाली, परदेशी नोकरीची वाट मिळाली. तेव्हा दारावर बारावीची अट, वयाची अट आणि लाखांतली फी उभी राहिली. काम बिनमोल होते तोवर ते आमच्या बायकांचे 'जन्मजात' होते. त्याला मोल आले, तेव्हा आमच्या बायका त्याच वॉर्डात 'मावशी' म्हणून उरल्या.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती बघायची असेल तर कुठल्याही हॉस्पिटलच्या वॉर्डात तासभर उभे राहा. वर डॉक्टर, मग परिचारिका, मग वॉर्डबॉय आणि आया, सर्वांत खाली कंत्राटी सफाई कामगार. सगळ्यांत खालच्या दोन पायऱ्यांवर आडनावे वाचा. म्हणून 'मावशी'ची 'सिस्टर' होणे आम्हाला चळवळीचे काम वाटते. नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताला कायदा ओळखतो. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका अधिनियम आहे, परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव लागते, "तू कोण?" या प्रश्नाला तिच्याकडे लेखी उत्तर असते. जन्माने लादलेले काम आणि शिकून, परवाना घेऊन, वेतन ठरवून केलेले काम यांत हा फरक आहे. आणि डॉक्टर-कलेक्टर व्हायला आमची ना नाही, व्हा. पण चौतीस वर्षांच्या ताईंना आज कलेक्टर होण्याचा सल्ला देणे म्हणजे त्यांना काहीच न देणे आहे.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. "आता तिनं कशाला शिकायचं? वय गेलं. मुलांना शिकवावं." हे बोलणारी माणसे वाईट नाहीत. पण त्यांनी आपलाच इतिहास एकदा तपासावा.

सावित्रीमाईंचे लग्न १८४० साली झाले. त्यांचे शिक्षण त्यानंतर, सासरी, सुरू झाले. १८५५ साली जोतिराव-सावित्रीमाईंनी दिवसभर राबणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८९७ च्या प्लेगात उतारवयातल्या सावित्रीमाई मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणून वंदन करतो. रुग्णसेवा करता करता गेलेली बाई म्हणून त्यांची आठवण किती सभांमध्ये निघते?

आणि खुद्द बाबासाहेब? १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा विद्यार्थी झाले. तेव्हा ते विवाहित होते, बाप होते, घरात खाणारी तोंडे होती. शिक्षणात खंड पडलेला, संसार असलेला, कर्ज काढून परत वर्गात बसलेला विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. या पदव्या त्या 'उशिरा'च्या शिक्षणातल्या आहेत. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोट भरून शिकणारा माणूस त्यांना विद्यार्थी वाटत होता. आम्हाला तो जूनच्या सत्कारात दिसला नाही.

पण इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती आपल्याला टोचणारी आहे. बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा परळच्या चाळीत संसार कोण ओढत होते? रमाई. पाच अपत्यांपैकी चार त्या दोघांनी गमावली. उपासमार, आजार, एकटेपण हे सगळे त्या माउलीने अंगावर घेतले. बाबासाहेबांना याची जाणीव होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आहे. आपण रमाईंच्या त्यागाची गाणी गातो, जयंती करतो. आता प्रश्न असा की आजची रमा स्वतःच शिकायला निघाली तर तिच्या मागे घर कोण सांभाळणार? तिने स्वतः अर्धपोटी राहून सगळ्यांचे करायचे आणि वर तीन वर्षांचा अभ्यासक्रमही पार पाडायचा, ही आपली अपेक्षा असेल तर आपण रमाईंकडून काहीच शिकलो नाही.

ताईंचा दिवस आम्ही एकदा कागदावर मांडला. पहाटे साडेचारला उठणे, पाणी भरणे, पाच जणांचा डबा. सातची बस. आठ ते दोन वॉर्डातली ड्युटी किंवा दिवसभर वर्ग. संध्याकाळी भाकरी, सासूचे औषधपाणी, धाकट्याचा अभ्यास. रात्री दहानंतर शरीररचनेचे पुस्तक, तेही इंग्रजीत. आठ वर्षे त्या रुग्णाला हाताळत आल्या, पण हाडांची नावे इंग्रजीत लिहायची वेळ आली की अठरा वर्षांच्या पोरी पुढे आणि त्या मागे. हजेरी थिअरीत ८० टक्के लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास शेवटी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. पोर तापाने फणफणले तरी ड्युटी बुडवली की ती नंतर भरून द्यायची. दुसऱ्या वर्षी रात्रपाळी सुरू झाली आणि घरात वाद पेटला. ताईंचे पती आमच्याच मोर्चांतले कार्यकर्ते. संविधान बचावच्या सभेत पुढच्या रांगेत घोषणा देणारे. ते आम्हाला म्हणाले, "दादा, शिकू द्यायला माझी ना नाही. पण रात्री बाईमाणूस घराबाहेर, आणि पोरांकडं बघायचं कुणी?"

आम्ही विचारले, "तुम्ही का नाही?"

ते गप्प बसले. खरे सांगायचे तर हा प्रश्न विचारताना आम्हीही मान खाली घातली होती. आमच्यापैकी किती जणांच्या घरी रात्री भाकरी आम्ही थापतो? 'शिकू द्यायला ना नाही' या वाक्यातच सगळी गोम आहे. देणारे आम्ही कोण? शिक्षण तिचा हक्क आहे, नवऱ्याची परवानगी नाही. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची हे माप बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत दिले. ते माप आपण बॅनरवर लावतो आणि स्वयंपाकघराच्या दारात काढून ठेवतो.

घराबाहेरचे अडथळेही कमी नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. त्यासाठी विवाह नोंदणी किंवा राजपत्र. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने काढायचा, म्हणजे माहेरच्या गावी जाऊन १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधायचा आणि मग पडताळणी समितीच्या चकरा. उत्पन्नाचा दाखला मात्र नवऱ्याच्या नावाचा. शिवाय शिक्षणात खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र. त्या मधल्या पंधरा वर्षांत कुठेही प्रवेश घेतला नव्हता एवढेच त्यात लिहायचे असते. त्या काळात तिने काय काय उचलले, याला तिथे रकाना नाही.

शिष्यवृत्तीचे असेच. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. ही योजना १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. पण आता पैशाचा एक हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने तो कॉलेजात भरायचा असतो. अठरा वर्षांच्या पोराच्या खात्यातले पैसे पोराचेच राहतात. संसारी बाईच्या खात्यात पैसे आले की तिथे आधीच बचत गटाचा हप्ता, किराणा आणि सासूचे ऑपरेशन दबा धरून बसलेले असते. ताईंचे तेच झाले, आणि दुसऱ्या वर्षाचा परीक्षा फॉर्म कॉलेजने अडवून धरला. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या दादा, हॉस्पिटलात मावशीची जागा अजून रिकामी आहे." समाजकल्याण कार्यालयात दोन दिवस ठाण मांडून आम्ही पत्र आणले आणि फॉर्म भरला गेला. आम्ही नसतो तर? ज्या वस्तीत असे चार लोक नाहीत तिथल्या बाईचे काय?

वसतिगृहे आहेत, पण आईला लेकरासह राहता येईल असे शासकीय वसतिगृह आम्हाला आमच्या कामात कुठे भेटले नाही. स्वाधार योजना आहे, पण ती घर सोडून परगावी शिकणाऱ्यासाठी. स्वतःच्या गावात, स्वतःच्या संसारात राहून शिकणारी बाई तिच्यात बसत नाही. कारखान्यात बायका राबतात म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सोय घातली. त्याआधी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूती रजेच्या बाजूने उभे राहिले होते. मग शेकडो मुली आणि बायका जिथे शिकतात आणि रात्रपाळ्या करतात, त्या नर्सिंग कॉलेजात पाळणाघर का नको? ही मागणी आपल्या निवेदनांत आजवर का आली नाही?

तिसरा आक्षेप असा की खासगी हॉस्पिटले परिचारिकेलाही दहा-बारा हजारांवर राबवतात, मग एवढा आटापिटा कशाला? राबवतात, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ साली केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २० हजारांपेक्षा कमी वेतन असू नये. ती शिफारस मागायला उभे राहायचे असेल तर आधी नोंदवहीत नाव हवे. नाव नसलेल्या 'मावशी'साठी ती शिफारसही नाही.

आता करायचे काय, ते थोडक्यात.

वस्तीतल्या आया, आशाताई, घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या अशा पंचवीस ते पस्तीस वयाच्या बायकांची यादी करा. कोणाची दहावी राहिली, कोणाची बारावी, ते विचारा. सतरा नंबरचा फॉर्म वेळेत भरून घ्या, कारण पस्तिशीचे घड्याळ थांबत नाही. ज्यांचे एएनएम झाले आहे त्यांना जीएनएमसाठी वयाची अट नाही, ही गोष्ट कित्येकींना माहीतच नसते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका हातात घेऊन ती त्यांना सांगा. तालुक्याच्या गाळ्यांमध्ये 'एक वर्षात नर्सिंग' असे फलक लावून बसलेल्या दुकानांपासून त्यांना वाचवा. राज्य परिषदेची आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता तपासल्याशिवाय एक रुपया भरू देऊ नका, कारण त्या दुकानांच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. कागदपत्रांसाठी विहारात आठवड्यातून एक दिवस बसा. अभ्यासिका फक्त स्पर्धा परीक्षेच्या पोरांची नाही. रात्री नऊनंतर एक कोपरा या बायकांसाठी ठेवा आणि इंग्रजी चांगली असलेल्या पोरापोरींनी त्यांना शरीररचनेची पाने समजावून द्यावीत. आणि निवेदनांत तीन मागण्या कायम घाला: संसारी स्त्रियांसाठी वयोमर्यादेत सवलत, नर्सिंग कॉलेजात पाळणाघर, आणि स्वतःच्या घरी राहून शिकणाऱ्या मातांना निर्वाह भत्ता.

शेवटची गोष्ट निवेदनात लिहून भागत नाही. ती घरात करायची आहे. ज्या कार्यकर्त्याची बायको, बहीण, वहिनी शिकायला निघाली असेल, त्याने तिच्या परीक्षेच्या महिन्यात मोर्चा सोडून घरी भाकऱ्या थापाव्यात. तो महिना चळवळीच्याच खात्यावर जमा होईल, असे आम्ही आमच्या बैठकीत ठरवले आहे.

ताईंच्या घरी सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. सासूबाई अजून नाराज आहेत. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांचे पती आता घरी थांबतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी रोज खिचडीच केली, अशी तक्रार धाकट्याने विहारात येऊन केली. मुलगी अकरावी विज्ञान करते आहे. रात्री आई आणि मुलगी एकाच दिव्याखाली बसतात आणि एकाच इंग्रजी शब्दकोशावरून भांडतात.

येत्या जूनच्या सत्काराची यादी आम्ही आत्ताच करायला घेतली आहे. या वेळी पहिला रकाना वयाचा नाही, इयत्तेचा आहे. तुमच्या वस्तीची यादी तुम्ही करा.

जयभीम! जय सावित्री! जय संविधान!